ज्याचा ट्रक सुटला तो हरला

युरोपातला आजवरचा सर्वश्रेष्ठ फुटबॉल क्लब कोणता, हे आम्ही दोघं ट्रकवाले डिचोलीच्या खाणीवर रांगेत ठरवायचो. मी पार्सेचा, तो दोडामार्गाकडचा. दोघांचेही ट्रक स्वतःचे, आणि खनिज भरायला नंबर लागेपर्यंत बसून राहण्यावाचून दुसरं काम नाही. उंडो, म्हणजे आमचा गोल पाव, भाजीशी खायचा, तोंड पुसायचं आणि वाद सुरू.

तो इटलीच्या मिलानचा. ट्रक घेण्याआधी मुरगाव बंदरात कामाला असताना एका खलाशाने त्याला एक कॅसेट दिली होती. तीत मिलानने फायनलमध्ये चार गोल मारले होते, एकही न खाता. ती एकच मॅच त्याने कॅसेट तुटेपर्यंत पाहिली आणि पुढे जगातल्या सगळ्या मॅचेस तिच्याशी ताडून नापास केल्या. त्याचा सगळा जीव बचावफळीत. चार गडी एकाच वेळी पाऊल पुढे टाकतात आणि समोरचा स्ट्रायकर ऑफसाइड, हे तो रस्त्याकडेला चार दगड मांडून दाखवायचा. मी बार्सिलोनाचा. ठेंगण्या पोरांनी चेंडू एकमेकांना देत देत समोरच्याला दमवायचं, यात मला अक्कल दिसते. कुणी मध्येच माद्रिदने पन्नासच्या दशकात सलग पाच वर्षं कप नेला होता वगैरे काढलं, की आम्ही दोघं एक होऊन त्याला गप्प करायचो. ती पाच वर्षं पाहिली होती कुणी?

नियम रांगेनेच लावून दिला होता. ज्याचा ट्रक आधी सुटला तो हरला, कारण मागे राहिलेल्याला शेवटचा शब्द मिळायचा. नियम मूर्खपणाचा होता हे मला तेव्हाही कळत होतं, पण तो आम्ही कधी मोडला नाही. एकदा त्याचा नंबर आला आणि हा उठेचना. मागचे हॉर्न वाजवत होते, मुकादम आईबापावरून बोलत होता आणि हा दगड मांडत होता. त्याची खेप गेली. शेवटी माझा नंबर लागला आणि त्या दिवशीही मीच हरलो. पुढे दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

मग खाणी बंद झाल्या. मी माझा ट्रक चिऱ्यांच्या वाहतुकीला लावला. त्याने लावला नाही. "आज ना उद्या सुरू होतली," म्हणत तो ट्रक दारात उभा करून बसला. दर रविवारी इंजिन चालू करायचा, ऐकायचा, बंद करायचा. पुढे काही खाणी खरंच सुरू झाल्या, तोवर ट्रक जुना ठरला होता. त्याला कुणी रांगेत घेतलं नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "ट्रक दिलंय. येतलस?"

बेळगावकडच्या एका भंगारवाल्याने घेतला होता. ट्रक अजून चालता होता, म्हणून न्यायला भंगारवाल्याचा ड्रायव्हर आला होता. दुसऱ्या प्रयत्नाला इंजिन चालू झालं. ट्रक अंगणातून निघाला, रस्त्याला लागला, वळणाआड गेला. आम्ही दोघं पडवीच्या पायरीशी उभे होतो.

"माझो ट्रक सुटलो," तो म्हणाला. "तू जिकलंस. बार्सिलोना."

इतक्या वर्षांत, ट्रक आधी सुटला तरी, या माणसाने तोंडाने एकदाही हार मानली नव्हती. मला वाईट वाटलं आणि त्याचा रागही आला. असली जीत मागितली होती कुणी?

"ट्रक गेलो," मी म्हटलं. "डायवर खंय गेलो? डायवर हंयच आसा. बस."

तो पायरीवर बसला. ट्रक उभा असायचा तिथे गवत उगवलं नव्हतं, नुसता तेलाचा काळा डाग होता. त्याने हाताशी आलेला एक दगड उचलून त्या डागाच्या कडेला ठेवला. मग दुसरा, मग तिसरा. चौथा मिळेना, तेव्हा मी उठलो आणि कुंपणाकडचा शोधून आणून दिला.