घरी विचारून सांगा

डॉक्टरांच्या हातातला छोटा आरसा माझ्या तोंडापाशी मध्येच थांबला.

तोवर सगळं नेहमीसारखं चाललं होतं. चिक्की खाताना माझी दाढ अर्धी तुटली होती. "मूळ चांगलं आहे. रूट कॅनाल करून कॅप बसवता येईल, नाहीतर काढून टाकू," असं सांगून ते सवयीनं पुढे बोलून गेले, "घाई नाही. घरी विचारून सांगा." आणि आरसा थांबला. माझी बायको गेली तेव्हा ते भेटायला आले होते.

मी तोंड वासून तसाच पडून राहिलो. बरंच आहे, त्या खुर्चीत उत्तर देता येत नाही. डोळ्यांवर दिवा, जीभ बाजूला सारलेली, आणि आपण सगळं दुसऱ्याच्या हातात सोपवलेलं. इतकी वर्षं त्या हाताची सफाई पाहत आलो, पण खरा भरवसा बसला तो हात अडखळलेला पाहिल्यावर.

घरी आलो. जीभ सारखी त्या तुटक्या कडेवर जात होती. आमच्याकडे काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ते तीच ठरवायची. कान तुटलेले कपसुद्धा टाकू द्यायची नाही. अजून फडताळात आहेत.

संध्याकाळी फोन केला. "डॉक्टर, घरी विचारलं. ठेवा म्हणते."

पलीकडून ते हळूच म्हणाले, "वहिनी म्हणतात ना, मग ठेवूच."