नाव घेतलं तरी मनोहरराव येईनात!

मोठ्या माणसांना पायथन शिकवायला बसलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते आपोआप पदरात पडतात. गांधीबागेत एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा छोटा क्लास आहे. मैत्रिणी विचारतात, "पन्नाशी-साठीतल्या लोकांना कोडिंग शिकवून कंटाळत नाहीस?" अगं, कंटाळायला फुरसत कोण देतं!

पहिलाच दिवस. सावनेरचे देशमुख काका, कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले, सगळ्यांच्या आधी हजर. घरूनच पायथन इन्स्टॉल करून आले होते, फक्त तेव्हा एका चौकोनात टिक करायची राहिली होती, म्हणून पायथन कुठे ठेवलाय ते कॉम्प्युटरला कळत नव्हतं. कमांड दिली, तर स्क्रीनवर उत्तर आलं की पायथन ही इंटर्नल किंवा एक्स्टर्नल कमांड म्हणून ओळखीची नाही. काकांनी चष्मा सारखा करून ते पुन्हा वाचलं.

"म्हणजे हा घरातलाही नाही अन् बाहेरचाही नाही?"

"हो, काका."

"मंग घरजावई आहे म्हणा न!"

त्या दिवशी पुढे काही शिकवता आलं नाही.

दुसऱ्या विद्यार्थिनी वंदनाताई. खालचं कापडदुकान त्यांच्याच घरचं. ताईंनी नोटपॅडमध्ये प्रोग्राम लिहिला, पायथनच्या फाइलला लागतं तसं 'भाजी डॉट पीवाय' नाव देऊन सेव्ह केला, पण काही केल्या तो चालेना. नोटपॅडने गुपचूप मागे 'डॉट टीएक्सटी' जोडलं होतं आणि कॉम्प्युटर ते दाखवत नव्हता. मी दाखवल्यावर ताई म्हणाल्या, "अवं मॅडम, हे त सासरचं आडनाव झालं! हाक कोणी मारत नाही, पण मागं लागूनच राहते!"

एकदा त्यांचे यजमान मनोहरराव चहा घेऊन वर आले. फळ्यावर मी 'इम्पोर्ट' लिहिलं होतं.

"बाहेरून माल मागवून राहिले काय? ड्यूटी लागते काय त्याले?"

मी समजावलं. मॉड्यूल म्हणजे आधीच लिहून ठेवलेली फाइल. तिला नावाने हाक मारायची, की तिचं काम आपल्या हाताशी येतं. मात्र आपण लिहिलेली फाइल त्याच फोल्डरमध्ये हवी, दुसरीकडे ठेवली तर हाक ऐकू जात नाही.

मनोहरराव हसले. "हिले टीव्हीचा रिमोट समजत नाही! शेवटच्या दिवशी हिनं स्वतः प्रोग्राम चालवून दाखवला, त त्या दिवशी भाजी मी करीन!"

सगळ्या क्लासने ऐकलं. जाताना जिन्यात ताई माझा हात धरून म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून आयती भाजी ताटात पडली नाही, मॅडम. मले जिंकाचंच आहे."

मला त्यांचं फार कौतुक वाटलं. थोडी धास्तीही वाटली, कारण हातात दिवस फार नव्हते.

मधल्या काळात काकांनी एक पराक्रम केला. चिठ्ठी उचलल्यासारखं एक नाव निवडायला 'रँडम' नावाचं तयार मॉड्यूल असतं. काकांनी स्वतःच्या फाइललाही 'रँडम' हेच नाव दिलं आणि तिच्यात लिहिलं, इम्पोर्ट रँडम. पायथनने जवळचीच फाइल उचलली आणि लाल एरर आली.

"काका, तुमची फाइल स्वतःलाच बोलावतेय."

"म्हणजे मी मलेच हाक मारून राहिलो? घरी हेच म्हणते बायको, वय झालं तुमचं!"

वंदनाताईंनी हे नीट ऐकलं असावं. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "मॅडम, फाइलले ह्यांचं नाव दिलं त चालते काय?"

"चालेल की."

"तोंडानं घेत नाही मी. टाइप केलेलं चालते न?"

पायथनची काही हरकत नाही, असं मी सांगितलं.

शेवटचा दिवस. लॅपटॉप दुकानाचाच, समोर मनोहरराव हाताची घडी घालून बसलेले. ताईंच्या प्रोग्रामची पहिलीच ओळ होती, इम्पोर्ट मनोहर. काका ओरडले, "वा! नाव घेतलं!" ताई लाजल्या आणि रन केलं.

लाल अक्षरं! मनोहर नावाचं मॉड्यूल सापडत नाही!

मनोहरराव खुशीत म्हणाले, "सापडत नाही काहून? मी त इथंच बसून आहो!"

ताईंनी स्क्रीन निरखून पाहिली.

"तुम्ही 'दुकान' फोल्डरमध्ये आहा. मी 'स्वयंपाकघर'मधून हाक मारून राहिली." मग माउस त्यांच्यापुढे सरकवला. "या इकडं."

मनोहररावांनी माउस धरला आणि स्वतःला ओढत ओढत स्वयंपाकघरात नेऊन सोडलं.

ताईंनी पुन्हा रन केलं. स्क्रीनवर एकच ओळ आली: आज भाजी मनोहर करतील.

टाळ्या थांबेपर्यंत मनोहरराव त्या ओळीकडे पाहत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, वांग्याच्या भाजीचं मॉड्यूल भेटते काय?"