गोगटेकाकांचे उपवर अर्हत

ऑम्लेट करण्याआधी गोगटेकाका दिवाणखान्यातल्या अर्हतांची तोंडं भिंतीकडे वळवत. शंखजिऱ्याच्या मऊ दगडात कोरलेले हे जुने चिनी बौद्ध साधू. एक वाघाला कुरवाळतोय, एक जांभई देतोय, एक काडीने कान कोरतोय. शॉमबर्ग गावातल्या एका इस्टेट सेलमधून, म्हणजे कुणाच्या तरी मागे उरलेल्या घरसामानाच्या विक्रीतून, काकांनी त्यांना घरी आणलं होतं. "एवढे सिद्ध पुरुष, आणि टोस्टरशेजारी मांडले होते गं!"

काकू गेल्यावर काका एकटेच राहत. जिन्यावरून पडले, तेव्हा दूरच्या प्लेनो शहरातून त्यांच्या मुलीचा, मीनलचा मला, शेजारणीला, फोन आला. "मावशी, प्लीज, बाबांना माझ्याकडे पाठवा. ते हलतच नाहीत."

मी रकाने आखून गेले : न्यायचं, द्यायचं, टाकायचं. काकांनी कागद बाजूला सारला. "द्यायचं म्हणजे? आधी स्थळं बघायला हवीत."

मग दर रविवारी कांदेपोहे. अर्हताला ट्रेमध्ये बसवून काका बाहेर आणत आणि पाहुण्यांना विचारत, "दुपारी घरी कोण असतं?" एका बाईंनी विचारलं, "डिशवॉशरमध्ये चालतील ना?" काकांनी त्यांच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली.

वाघवाला एका प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेला, जांभईवाला भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे. कान कोरणारा मात्र राहिला. त्याच्यासाठी आलेली चांगली स्थळंही काका परतवू लागले. "हा उजवल्याशिवाय मी हलायचा नाही."

शेवटी मीनलच विमानाने आली. पोहे मी केले.

"बाबा, मी घेते याला."

काका सावरून बसले. "घरी कोण कोण?"

"मी. आणि कुत्रा."

"दुपारी?"

"वर्क फ्रॉम होम, बाबा."

"हा चारचौघांत कान कोरतो."

"कोरू दे. त्याची रूम रेडी आहे. खालीच. नो स्टेअर्स."

काका बराच वेळ पोह्यांतले दाणे वेचत राहिले. मग म्हणाले, "नव्या घरी एकटा कसा पाठवू? पाठराखीण लागते."

"व्हॉट्स दॅट?" मीनलने मला विचारलं.

"नवरीबरोबर माहेरचं माणूस जातं ना, तिला सोबत म्हणून."

"फॉर हाउ लाँग?"

"तो रुळेपर्यंत," काका म्हणाले आणि बॅग भरायला उठले.

घराची किल्ली माझ्याकडे होती. हिवाळा तोंडावर आला, रिकाम्या घरातले पाण्याचे पाइप गोठायची भीती, म्हणून मी फोन केला. "काका, रुळला का हो तो?"

"नाही गं, फार लाजतो," काका म्हणाले. "तू असं कर, घर विकायला काढ."