उंदरांची शेड आणि माझा झारा

माझी लेक कार्डिफला युनिव्हर्सिटीत रोगांच्या साथींचा अभ्यास करायची. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. उंदरांच्या लेंड्या-मूत वाळलं, की त्याची धूळ श्वासातून आत जाते आणि एक विषाणू फुफ्फुसं धरतो. आजार अमेरिकेतला, इथे ब्रिटनमध्ये नाहीच म्हणा ना. पण इथल्या माणसांना असल्या विषाणूंची नकळत लागण होऊन गेलीय का, हे तिला शोधायचं होतं. बागेतल्या सामानाच्या शेडी झाडणाऱ्यांना प्रश्न विचारायचे, रक्त तपासायचं. तिच्या सरांनी मात्र प्रश्नांचा फॉर्म दोनदा परत पाठवलेला. थंडी पडली की उंदीर शेडीत शिरतात, माणसं झाडू मारतात. तोवर फॉर्म पास झाला नाही तर वर्ष फुकट.

म्हणून ती कॉव्हेंट्रीला माझ्याकडे आली आणि सराव म्हणून मलाच समोर बसवलं.

"आई, तुझी शेडमध्ये उंदीर आहे?" मराठी तिचं असंच, इथलं.

"आहेत की. माझ्या मेथीचं बी खातात मेले."

"तू झाडते?"

"झाडते, पण आधी पाणी..."

"आई, फक्त येस की नो!"

"अगं, कोरडं कोण झाडतं? गावी आमच्याकडे मातीच्या जमिनी. पाणी शिंपडल्याशिवाय केरसुणीला हात लावला, तर आई ओरडायची. धूळ उडायलाच नको!"

तिचं पेन थांबलं. "मी सगळे झाडणारे एकाच खोक्यात टाकत होते," एवढंच म्हणाली आणि नवा प्रश्न लिहिला: झाडण्याआधी जमीन ओली करता का? वर मलाच दटावलं, "नुसतं पाणी नको, ब्लीच घाल. ग्लोव्हज घाल. आधी दार उघडं ठेव."

सोमवारी फोन आला. फॉर्म पास! सरांनी म्हणे त्याच प्रश्नाखाली रेघ ओढली होती. मी सातवी शिकलेली बाई, इंग्लिश लायब्ररीत बसून शिकले. फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले.

ऑक्टोबरात ती आमच्या अलॉटमेंटवर, म्हणजे कौन्सिलने भाजी लावायला भाड्याने दिलेल्या जागेवर, फॉर्म घेऊन आली. माझा भरून घेतला नाही. नात्यातलं माणूस चालत नाही म्हणे! मी शेजारच्या वाफ्यात उगाच कोथिंबीर खुडत राहिले, कान तिकडे. शेजारचे गोरे आजोबा सगळी उत्तरं देऊन झाल्यावर म्हणाले, "झाडण्याआधी पाणी? ते कशाला?"

लेकीने पेन खिशात ठेवलं आणि माझ्याकडे बोट केलं. "आस्क माय मदर."

मी पाण्याचा झारा भरूनच ठेवला होता.