सुभेदारांचं सॉफ्टवेअर

सुभेदार दुकानात आले की आधी दाराबाहेर चपला काढायचे, त्या जोडीनं भिंतीला लावायचे, लॅपटॉपची बॅग काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, "ताई, ह्येबी नापास." नमस्कार नाही, कशा आहात नाही. मी मान वर न करता विचारायचे, "आता याला काय झालं?" मग सुभेदार खुर्ची ओढून बसायचे आणि माझी सकाळ गेलीच म्हणून समजायचं.

साताऱ्यात स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर कुणी पासवर्ड विसरलेला, कुणाचा प्रिंटर कागद गिळतोय, कुणाच्या कीबोर्डवर नातवानं सरबत सांडलंय. संध्याकाळी शटर ओढेपर्यंत डोकं भणभणायला लागतं आणि कुणाशी गोड बोलायचं त्राण उरत नाही. त्यात हे सुभेदार. सगळी नोकरी फौजेत सिग्नलला, वायरलेसवर काढलेली, निवृत्त होऊन साताऱ्यात घर बांधलेलं, आणि त्या घरातल्या एका खोलीचा त्यांनी स्टुडिओ करायला घेतला होता. त्यासाठी त्यांना आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर निवडायचं होतं. निवडायचं म्हणतेय मी, घ्यायचं नाही. या दोन्हींत किती अंतर असतं ते मला सुभेदारांमुळं कळलं.

सॉफ्टवेअरची ते भरती घ्यायचे. छाती फुगवून उभं राहा, पळून दाखव, चल बाजूला, पुढचा. फुकट मिळणारं एक मी पहिल्याच दिवशी लॅपटॉपवर घालून दिलं होतं. चांगलं, साधं, जगभर लोक वापरतात. सुभेदार म्हणाले, "फुकट हाय म्हंजी कायतरी खोट असनारच." दुसरं महिन्याच्या महिन्याला पैसे मागणारं निघालं. "म्हंजी पगारी गडी. उद्या पगार थांबला तर आतला आवाज घिऊन पळून जायचा." तिसऱ्याला बटणं फार. "मला इमान चालवायचं न्हाई, ताई." चौथ्यात बोललेलं हेडफोनमध्ये जरा उशिरा ऐकू यायचं. त्या सेटिंगचा उपाय मला माहीत होता, मी सांगायला तोंड उघडलं तर हात वर. "मी आत्ता बोललो, आन् ह्यो मला मागनं सांगतोय. नापास."

फोनवर तर विचारूच नका. वाक्य संपलं की 'ओव्हर' म्हणून गप्प बसायचे. मी काही बोलेपर्यंत तिकडून श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं, हातात उघडलेला लॅपटॉप, खांद्यानं फोन धरलेला आणि कानात, "ताई, त्यो लाल दिवा लागंना. ओव्हर." एकदा मी वैतागून म्हटलं, "सुभेदार, लढाई संपली हो." तिकडून शांतपणे प्रश्न आला, "कुठली? ओव्हर."

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर आबांसाठी. आबा म्हणजे सुभेदारांचे थोरले भाऊ. वडूजच्या पलीकडं कोरडवाहू रान, चार मेंढरं आणि गळ्यात धनगरी ओवी. बिरोबाच्या जत्रेत आबांनी सुंबरान, म्हणजे देवाची आळवणी, मांडलं की लांबलांबची माणसं थांबायची म्हणे. सुभेदारांनी जवानीत बराकीत एक कॅसेट जवळ बाळगलेली होती, जत्रेत कुणीतरी भरून दिलेली. "तिच्यात निस्ता ढोल," ते सांगायचे. "सगळी माणसं ओरडत्यात, पोरं रडत्यात, पिपाण्या वाजत्यात. आबा कुठं तरी खाली गाडल्यावानी. मी कान लावून लावून आबाला हुडकायचो." म्हणून त्यांना आबांचा आवाज एकट्याचा हवा होता. धुतलेला, स्वच्छ, त्यात दुसरं कुणी नको.

खोली मात्र त्यांनी मनासारखी केली. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा, असं कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं. सुभेदारांनी ते उडवून लावलं आणि गावाकडून घोंगडी मागवली. चारी भिंतींना घोंगडी, दाराला घोंगडं, खाली घोंगडं. आत शिरलं की बाहेरच्या रिक्षा बंद झाल्यासारख्या वाटायच्या आणि नाकात लोकरीचा वास भरायचा. सुभेदारांच्या बायको, आमच्या काकी, दारातूनच कपाळाला हात लावायच्या. "आवं, हितं माणसं ऱ्हात्यात का मेंढरं?" सुभेदार भिंतीजवळ उभं राहून टाळी वाजवायचे आणि म्हणायचे, "बगा, घुमतंय का? न्हाई घुमत." तेवढी एक गोष्ट पास होती.

आणि मग आबांच्या घशात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जीव वाचवायचा तर आवाजाची पेटी काढायला लागेल. ऑपरेशनची तारीखही दिली. मला वाटलं, आता तरी सुभेदार घाई करतील. कुठलं काय! पूर्वी आठवड्याला एक सॉफ्टवेअर नापास व्हायचं, ते आता रोज व्हायला लागलं. त्यांचा चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली. मी हात जोडले. म्हटलं, "सुभेदार, मोबाईलवर घ्या हो. उद्याच्या उद्या घ्या."

"ताई, एकदाच मिळनार हाय," ते म्हणाले. "परत भरती न्हाई. चुकीच्या गड्याच्या हातात कसा दिऊ?"

मला त्यांचा राग येत होता आणि कीवही.

शेवटी मिरजेला जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मलाच घरी बोलावलं. निवड झालेलीच नव्हती. मी काही न विचारता ते पहिलं, फुकटातलं सॉफ्टवेअर उघडलं. सुभेदारांनी तोंड वाकडं केलं, पण अडवलं नाही. आबा खुर्चीवर बसले होते. काटकुळे, पांढरं पागोटं, आवाज आधीच घोगरा झालेला. सुभेदारांनी त्यांच्या कानाला हेडफोन लावले. ताल सुटू नये म्हणून आत टिकटिक वाजते ना, ती त्यांनी चालू ठेवली होती. आबांनी दचकून हेडफोन काढला.

"बारक्या, ह्यात पाल चुकचुकतीया का रं?"

निवृत्त सुभेदाराला कुणीतरी बारक्या म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. मला हसू आलं. मी टिकटिक बंद केली आणि लाल बटण दाबलं. आबांनी कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली. म्हटली आणि थांबले. डोळे उघडून दाराकडं बघायला लागले. सुभेदारांनी हातानं खूण केली, पुढं चला. आबांनी दुसरी ओळ घेतली, ती अर्ध्यात तुटली आणि खोकल्याची उबळ आली.

"आबा, थांबू नगासा. सलग म्हना."

"सलग कसं म्हनू? झील कोन धरनार?"

ओवी म्हणणारा एकटा कधी म्हणत नाही. त्याची ओळ संपत आली की मागं उभे असलेले झीलकरी तिचं शेवटचं टोक पकडतात आणि वर चढवतात. तेवढ्यात म्हणणारा दम घेतो आणि त्याला पुढची ओळ सुचते. आबांनी जन्मभर असंच म्हटलेलं. सुभेदारांनी त्यांना समजावलं, "मागची माणसं नंतर घ्यायची, आबा. येगळी. मग जोडायची. आदी निव्वळ तुमचा आवाज."

"नंतर कवा? मी म्हनून झाल्यावर?" आबा चिडलेच. "आन् मी दम कवा घिऊ?"

सुभेदार उभेच राहिले. एवढी सॉफ्टवेअरं तपासली, एवढी घोंगडी टांगली, पण ओवीला मागं माणूस लागतो हे धनगराच्या घरातला हा माणूस विसरून गेला होता. गावातून झीलकरी बोलवायला वेळ नव्हता. उद्या सकाळी गाडी निघणार होती. काकी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"तू हाईस की," आबा म्हणाले.

"मला आता कुठं येतंय, आबा? फौजंत गेलो तवाच सुटलं."

"सुटलं तर सुटलं. ये हिकडं. धर."

काकींनी मला मग सांगितलं, भरती व्हायच्या आधी सुभेदार आबांचेच झीलकरी होते. बारक्या फौजेत गेल्यावर आबांनी दुसरे गडी घेतले, पण मनासारखी झील कुणाची लागली नाही म्हणून वर्षभर ते जत्रेत उभेच राहिले नव्हते. सुभेदारांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. ते खुर्चीमागं जाऊन उभे राहिले, आधी परेडला उभं राहावं तसे ताठ. पहिली झील फुटकी निघाली. ग्राउंडवर ओरडून ओरडून राठ झालेला आवाज. पण आबांनी मागं न बघता पुढची ओळ घेतली आणि त्या घोगऱ्या गळ्यातून काय निघालं म्हणून सांगू! एकेक ओळ लांबच लांब, आणि ती संपायच्या आत सुभेदार तिला धरत होते. हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले. दोघं घामानं भिजले तरी थांबेनात. मी लॅपटॉपसमोर बसून रडले, खोटं कशाला सांगू.

संपल्यावर सुभेदारांनी हेडफोन लावून ते सगळं ऐकलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "नापास. मी मदी आलोय."

असा संताप आला मला! लॅपटॉप बंद केला आणि घरी आले.

ऑपरेशन नीट झालं. माझं माहेर मिरजेजवळ माधवनगरला, त्यामुळं आईला भेटायला गेले तेव्हा वाकडी वाट करून दवाखान्यात डोकावले. आबांच्या गळ्याला भोक, त्यावर पांढरी पट्टी. मला बघून ते हसले, पण नुसते हसले, आवाज नाही. शेजारच्या स्टुलावर सुभेदार. मला वाटलं, भावाबद्दल काही बोलतील. ते हळूच म्हणाले, "ताई, आवाजातनं आवाज येगळा काढायचं सॉफ्टवेअर निघालंय म्हनं."

झालं! भरती पुन्हा सुरू. अशी सॉफ्टवेअरं खरंच निघाली आहेत. एकात मिसळलेले दोन आवाज ती सोडवतात आणि दोन फाईली करून देतात. सुभेदारांना स्वतःचा आवाज काढून टाकायचा होता. पण झील ओळीच्या शेवटात शिरलेली असते, तिथं दोन्ही आवाज गुंतलेले. सुभेदारांना खरवडून काढावं तर आबांची ओळ शेवटाला उसवायची. एक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. "मला काडाय गेलं की आबाला खरचटतंय," असं म्हणत ते बॅग उचलायचे. ते दुकानाच्या पायऱ्या उतरताना कठड्याला धरायला लागलेत, हे मला दिसत होतं.

मी एकदा म्हटलं, "असू द्या ना दोघांचा. किती छान वाटतंय."

"माझ्या आवाजात काय हाय, ताई? जन्मभर जवानांवर वरडायला वापरला. ह्यो आबाचा आवाज, ऱ्हायलेला एवढाच. त्यात माझी घाण नको." बोलताना त्यांचे डोळे भरले होते. मी चहा मागवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी त्यांच्या नंबरवरून फोन आला. मी उचलला आणि आधीच म्हटलं, "बोला, कोण नापास झालं?" पलीकडं काकी होत्या. सुभेदार छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्याची गाडी यायच्या आत संपले. मला काही वेळ समोरचं गिऱ्हाईक काय बोलतंय तेच कळेना. दमले होते मी त्यांच्यापायी, खरंच दमले होते. पण माणूस असा मधूनच उठून जाईल असं वाटलं नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर काकी आबांना घेऊन दुकानात आल्या. हातात तीच लॅपटॉपची बॅग. आबांच्या गळ्याभोवती मऊ पंचा गुंडाळलेला. मी समजले, त्यांना त्यांची ओवी हवी असणार. सुभेदारांनी शेवटची साफ केलेली, त्यातल्या त्यात बरी फाईल मी लावली. आबांचा आवाज एकट्याचा निघाला, जवळजवळ सुभेदारांना हवा होता तसा. आबांनी जरासं ऐकलं आणि हात हलवला. मी आवाज वाढवला. त्यांनी मान हलवली, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि पुन्हा नाही नाही केलं.

"सोताचा नगं म्हनत्यात," काकी म्हणाल्या.

आबांनी लॅपटॉपच्या पडद्यावरच्या फोटोवर बोट ठेवलं. गणवेशातले सुभेदार.

"ह्यांचा," काकींनी सांगितलं. "ह्यांचा निस्ता लावा."

काढून टाकलेल्या आवाजाची दुसरी फाईल तिथंच पडून होती. सुभेदारांनी ती कधी उघडलीच नव्हती, मीही नाही. मी ती लावली. बराच वेळ काहीच नाही, मग सुभेदारांची फुटकी झील. मग पुन्हा शांतता, मग झील. आबा स्टुलावर पुढं वाकले. शांतता आली की त्यांचे ओठ हलायला लागायचे, मानेच्या शिरा ताणल्या जायच्या, पंचाखालून नुसती हवा निघायची. ओठ थांबायच्या आत सुभेदार ती ओळ धरायचे. काकी भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या.

मी ती फाईल आबांच्या मोबाईलमध्ये घालून दिली. कसं लावायचं ते दोनदा दाखवलं. आबांनी मोबाईल कानाला लावला आणि काकींच्या मागं मागं वडूजच्या गाडीकडं निघाले. गर्दीतून जाताना त्यांचे ओठ हलत होते. बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा फोनवर कुणाशी तरी बोलतोय.