सुरुंगाआधीचा हात

गेल्या महिन्यात नातीने आम्हा नवरा-बायकोला परळला एक युद्धपट दाखवला. भाऊ गमावलेला जवान शत्रूचा सूड घेतो, अशी गोष्ट. एका जुन्या सिनेमावरूनच काढलाय म्हणे. तो जुना आम्ही साखरपुडा झाल्यावर लालबागला पाहिला होता. तेव्हा सुरुंग फुटायच्या क्षणभर आधी ह्यांनी माझ्या डोळ्यांपुढे हात धरला. 'किती ओळखतात मला!' म्हणून मी बावळट आठवडाभर हवेत होते.

आता तोच प्रसंग आला आणि ह्यांचा हात पुन्हा आधीच वर आला. माझी ट्यूब पन्नास वर्षांनी पेटली.

"अहो, तेव्हा सुरुंग फुटणार हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"आधी पाहिला होता."

"कोणाबरोबर?"

"आईबरोबर. तुला नेण्याजोगा आहे का, ते बघायला."

सासूबाई आणि लढाईचा सिनेमा? त्या तर दिवाळीत फटाके वाजले की कानात बोळे घालून मोरीत जाऊन बसायच्या!

"आजोबा, कोण होती ती?" नात खिदळली.

हे तांदूळ निवडावेत तसे पॉपकॉर्न निवडत बसले. मी त्यांचा हात खाली केला आणि पुढचे सगळे स्फोट उघड्या डोळ्यांनी पाहिले.