जोतीरामचा नाग

इंदापुरात दुकानांच्या पाट्या रंगवणारा जोतीराम पेंटर हाताचा पक्का आणि तोंडाचा फटकळ. आमच्या आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेत यायचा तो भांडायलाच. पंच्याण्णव साली आम्ही साप चावल्यावर काय करावं याचं पत्रक छापलं. वर पदाधिकाऱ्यांचे फोटो, खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘सर्पदंश झाल्यास रुग्णास विनाविलंब प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात दाखल करावे’. त्यानं ते वाचून माझ्या टेबलावर टाकलं.

“सुकन्याताई, हे वाचून हुईस्तवर माणूस गार पडंल.”

मला असा राग आला. पण तो गिळला, कारण त्याची बायको भागूबाई नाग चावूनच गेली होती. वरकुटे गावात लोक तिला देवळात निजवून कडुलिंबाचा पाला चारत बसले. गाडी आली तोवर सगळं संपलं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरात असं होऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

मग पत्रक त्याच्याच हाती दिलं. त्यानं फोटो उडवले. मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘साप चावला? देवळात थांबू नका. सरळ दवाखाना गाठा.’ वर फणा काढलेला नाग काढला, न वाचता येणाऱ्यालाही कागद कशाचा ते कळावं म्हणून. नाग असा उतरला, की आमच्या शिपायानं लांबूनच हात जोडले. आम्ही हसलो.

आषाढात पत्रकं वाटली, बायांनी हातोहात नेली. श्रावणात पिंपळीच्या दत्तोबांना उसाला पाण्याची दारं धरताना नाग चावला. त्यांनाही देवळातच नेलं, आणि तिथंच ते वारले. पत्रक घरात असून असं झालं म्हणून जोतीराम खवळला, आणि मला घेऊन पिंपळी गाठली.

देव्हाऱ्याशेजारी पत्रक चिकटवलेलं होतं, नागपंचमीला नागाचा कागद लावतात तसं. हळदकुंकू वाहिलेलं, वर लाह्या चिकटलेल्या. नागाखालचा कागद कात्रीनं कापून टाकलेला.

दत्तोबांची बायको लीलाबाई त्याला म्हणाली, “पेंटर, तुमचा नागोबा लई देखणा. म्हणून औंदा इकतचा आणलाच न्हाय. खालची अक्षरं तेवढी काढली, देवाखाली दवाखाना बरा दिसंना. उपास केला, दूध दाखवलं. माझं काय चुकलं वं?”

भांडायला आलेला माणूस उठून बाहेर चपला शोधायला लागला. मीही त्याच्यामागं निघाले.

दुसऱ्या दिवशी त्यानं पत्रकाच्या मूळ कागदावरचा नाग खोडला आणि त्या जागी नुसता पाय काढला, घोट्यावर दाताचे दोन ठिपके. पाय बाईचा होता, बोटात जोडवी. कुणाचा, ते मी विचारलं नाही.